अडचणींचा रकाना

इलियासच्या नंबरवरून फोन आला, म्हणूनच मी तो उचलला नाही. हे एवढं एक वाक्य लिहायला मला सहा आठवडे लागले. जूनचा शेवट होता. आमच्या लातूरच्या कॉलेजात अकरावीच्या प्रवेशाची गडबड चालली होती, समोर पालकांची रांग होती आणि टेबलावर पालथा ठेवलेला माझा फोन थरथरत होता. सरळ करून पाहिला तर इलियास. दोन-अडीच महिने आमचं धड बोलणं नव्हतं. म्हटलं, आता आली का आठवण, वाजू दे जरा. पुन्हा वाजला, पुन्हा मी पालथा घातला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा शेजारी बसलेले क्लार्क म्हणाले, "सर, घ्या की. अर्जंट असंल काही." मी म्हणालो, "अर्जंट नाही, मित्र आहे." दीड वाजता डबा उघडताना मेसेज पाहिला. तो इलियासच्या फोनवरून त्याच्या वर्कशॉपमधल्या कवितानं पाठवलेला होता. इलियाससर सकाळी साडेदहाला वारले, संध्याकाळी असरच्या नमाजनंतर माती आहे, लवकर निघा… मी डबा पुन्हा लावला, पिशवीत ठेवला, आणि पुढची पाच मिनिटं एका पालकाला कुठली कागदपत्रं लागतात ते नीट समजावून सांगितलं. मला ते आठवतही नाही, क्लार्कनं नंतर सांगितलं.

लातूरहून नांदेड आणि नांदेडहून नायगाव, अशा दोन बस. पहिल्या बसमध्ये मी चक्क चिडलेलो होतो. भांडण मिटायचं राहिलंय आणि हा माणूस असा मधूनच उठून कसा जाऊ शकतो, असं काहीतरी मनात चाललं होतं. दुसऱ्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं आणि मग काही सुचेनासं झालं. नायगावला उतरलो तेव्हा सूर्य मावळायला आला होता आणि लोक कब्रस्तानातून परत येत होते. टोप्या खिशात ठेवत, हळू आवाजात बोलत. एका ओळखीच्या म्हाताऱ्यानं मला बघितलं आणि माझा हात धरून मला उलट दिशेनं नेलं. माती ओली होती, वर पाणी शिंपडलेलं होतं. "आता टाकली तर चालती का?" मी विचारलं. ते म्हणाले, "टाक बाबा. तुझी राहिली होती." मी तीन मुठी माती टाकली. वेळेवर फोन उचलला असता तर त्याचा चेहरा बघायला मिळाला असता. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आज सांगतोय.

त्या संध्याकाळी नसीमाभाभी, म्हणजे इलियासची बायको, ओसरीत बायकांच्यात बसलेल्या होत्या. मला बघून त्या एवढंच म्हणाल्या, "चहा पिले. हात भरून आला म्हणले. भिंतीला टेकले… बस, मास्तर. इतकंच." इतकंच कसं असेल? चोपन्न वर्षांचा माणूस, सकाळी उठून सायकलवर वर्कशॉपला गेलेला, औषधाची एक गोळी ज्याला कधी लागली नाही, तो चहा पिऊन भिंतीला टेकतो आणि संपतो. मला ते तेव्हा पटलं नाही, आताही पटलेलं नाही.

इलियास नायगावचा मोटारी भरणारा. विहिरी-बोअरवरची पाण्याची मोटार जळाली की आतली जळकी तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळायची, याला आमच्याकडे मोटार भरणं म्हणतात. त्याचे वडील तेच करायचे. माझे वडील पंचायत समितीत शिपाई. आमचं घर बौद्धवाड्यात, त्याचं मशिदीच्या मागच्या गल्लीत, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत आमचा बाक एक. दहावीला तो इंग्रजीत नापास झाला. मी त्याला त्यांच्या दुकानात, व्हार्निशच्या वासात बसून तीन महिने शिकवलं आणि ऑक्टोबरला तो कसाबसा सुटला. त्या दिवसापासून तो मला मास्तर म्हणायला लागला, आणि माझ्या इंग्रजीवर त्याचा नको इतका विश्वास बसला. पुढं तो नांदेडला आयटीआय करून दुकानात बसला, मी शिकत शिकत लातूरला प्राध्यापक झालो. महिन्यातून एकदा तरी फोन आणि वर्षातून दोन-तीन फेऱ्या, हे तीस वर्षं चुकलं नाही.

मुलींना मोटारी भरायला शिकवायचं त्याच्या डोक्यात आलं ते असं. एकदा गिऱ्हाइकानं त्याची तारीफ केली, की इलियासभाईच्या हातची मोटार चार-चार वर्षं बघावी लागत नाही. तो घरी जाऊन जेवायला बसला आणि त्याच्या लक्षात आलं की त्या मोटारीतल्या कॉईल नसीमाभाभींनी भरल्या होत्या. वीस वर्षं त्या घरात बसून कॉईल भरत होत्या आणि दुकानावर नाव त्याचं होतं. मला फोनवर म्हणाला, "मास्तर, मी तर लई चोर माणूस निघालो." दुसऱ्याच महिन्यात त्यानं एक छोटा ट्रस्ट काढला, दुकानामागची जागा वर्कशॉपसाठी साफ केली आणि नसीमाभाभींना खुर्ची देऊन शिकवायला बसवलं. बाई शिकवतेय म्हटल्यावर अकरा मुली आल्या. गावानं टिंगल केली, त्याला त्याचं काही नव्हतं. कविता त्याच पहिल्या तुकडीतली. आज ती सव्वीस वर्षांची आहे आणि वर्कशॉपचं सगळं तीच बघते.

युरोपचं खूळ मात्र मी घातलं, आणि तेही थट्टेत. नांदेडला आम्हा प्राध्यापकांसाठी एक दिवसाचं शिबिर होतं. युरोपातल्या देशांनी मिळून चालवलेली एक योजना आहे, शिक्षण, कामाचं प्रशिक्षण आणि तरुणांचे उपक्रम यांना ती मदत करते, आणि तिकडच्या संस्थेला अर्ज करताना आपल्याकडची संस्था भागीदार म्हणून घेता येते, असं काहीबाही सांगितलं गेलं. मी जेवण केलं आणि माहितीपत्रक घेऊन नायगावला गेलो. इलियासला म्हणालो, "घे, तुला इन्सुलेशनला जाड कागद लागतो ना." त्यानं तो कागद बाजूला ठेवला नाही. दोन तास एकेका शब्दाचा अर्थ विचारून माझं डोकं खाल्लं. मग म्हणाला, "यात असं कुठं लिहिलंय की नायगाववाल्यांनी करू न्हाई?" तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

पुढचे काही महिने त्यानं कवितासोबत बसून युरोपातल्या साठ-सत्तर तंत्रशाळांना पत्रं पाठवली. इंग्रजी त्याचंच. मी बघितली असती तर मान खाली घातली असती. दोन उत्तरं आली. त्यातलं एक आभाराचं होतं. दुसरं मार्ताचं. मार्ता स्लोव्हेनियातल्या एका लहान गावच्या तंत्रशाळेत विजेच्या मोटारी शिकवते. तो देश नकाशात कुठं आहे ते मला शोधावं लागलं. तिनं लिहिलं होतं की तिच्या वर्गातही मुली येत नाहीत, आणि तुम्ही त्या कशा आणल्या ते मला शिकायचंय. इलियासनं ते पत्र मला फोनवर चार वेळा वाचून दाखवलं. युरोपला आपल्याकडून काही शिकायचंय, याचा त्याला इतका अचंबा वाटला होता की मदत मिळेल की नाही हा विचार मागेच पडला. आधी त्याला एक नऊ आकडी नोंदणी क्रमांक घ्यावा लागला. तो मिळाला तेव्हा त्यानं ऑईलपेंटनं वर्कशॉपच्या भिंतीवर लिहून टाकला. त्या भिंतीवर आधीच शेकडो आकडे होते. मोटार उघडली की जुन्या कॉईलचे वेढे मोजून तो तिथंच लिहायचा, कुठली मोटार, किती वेढे, तार किती जाडीची. त्या गर्दीत युरोपचा क्रमांकही एखाद्या शेतकऱ्याची मोटार असल्यासारखा जाऊन बसला.

मार्ताशी व्हिडिओवर पहिल्यांदा बोलणं झालं तेव्हा दुभाषी म्हणून मी मुद्दाम लातूरहून गेलो होतो. तशी माझी गरज फार पडली नाही. तिनं तिकडून एक कॉईल वर धरली, नसीमाभाभींनी इकडून एक धरली, आणि दोघी बोटांवर वेढे मोजायला लागल्या. मग तिनं विचारलं की पहिल्या तुकडीतल्या किती मुली टिकल्या. इलियास मला म्हणाला, "सांग की, अकरातल्या चार राहिल्या. तीन लग्न होऊन गेल्या. दोघी गेल्या, कारण इथं संडास न्हवता, माझ्या ध्यानातच आलं न्हाई. आन दोघी माझ्या वरडण्यानं गेल्या." मी मार्ताला सांगितलं की काही मुलींना पुढं इतर संधी मिळाल्या. इलियासला इंग्रजी बोलता येत नसलं तरी लांबी कळायची. तो हळूच म्हणाला, "मी एवढं लांबलचक बोललो, तुझं लई लौकर झालं?"

अर्ज भरायला तो लातूरला माझ्या घरी आला. रविवारची दुपार होती. आपल्या भागाची माहिती आपण लिहून पाठवायची, मुख्य अर्ज मार्ताच्या शाळेनं करायचा, आणि शेवटच्या दिवशी ब्रसेल्सच्या, म्हणजे जिथून ही योजना चालते तिथल्या, घड्याळात पाच वाजायच्या आत तो तिकडे पोचला पाहिजे, असं होतं. त्यानं वहीत सगळं लिहून आणलं होतं, अर्धं मराठी, अर्धं त्याचं इंग्रजी. त्यात एक रकाना होता, प्रकल्पातल्या अडचणी आणि धोके यांचा. त्यानं तिथं पानभर लिहिलं होतं, तेच ते, संडासाचं, ओरडण्याचं, लग्नांचं. मी लाल पेन घेतलं आणि ते पान आडव्या रेघा मारून खोडून टाकलं.

"हे काय लिहिलंयस?" मी म्हणालो.

"झालं ते लिहिलंय."

"अरे, आपली लाज आपणच चव्हाट्यावर मांडायची का? मदत मागायला चाललोय आपण."

त्यानं वही स्वतःकडे वळवली. मग म्हणाला, "मास्तर, कुठं जळाली ते बघितल्याबिगर मोटार भरता येत न्हाई. ती बाई बी मोटारीच भरती. तिला कळंल."

"अर्ज ती तपासणार नाही. साहेब लोक तपासणार. त्यांना यश दाखवावं लागतं."

"बरं," तो म्हणाला. "इंग्रजी तुझं हाय. तू म्हणशील तसं."

मला यात काही वावगं वाटलं नाही. माझं बालपण पंचायत समितीच्या आवारात गेलं. वडिलांच्या हातून साहेबांच्या टेबलावर जाणारे शेकडो अर्ज आणि अहवाल मी पाहिलेत. त्यातल्या 'अडचणी' या रकान्यात एकच शब्द असायचा, निरंक. शाळेला छप्पर नसलं तरी निरंक, हातपंप कोरडा असला तरी निरंक. अडचण लिहिली की चौकशी लागते, आणि चौकशी लागली की फाईल परत येते, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी त्या रकान्यात निरंकचंच गुळगुळीत इंग्रजी केलं. संस्थेनं यशस्वीरीत्या प्रशिक्षण दिलं आहे आणि कुठलाही मोठा धोका संभवत नाही, असं. वाक्य छान झालं होतं. मी ते त्याला वाचूनही दाखवलं. त्यानं मान डोलावली.

अर्ज नामंजूर झाला. इलियासनं फोन करून सांगितलं, "तिकडं लई अर्ज आले म्हणे, मास्तर. आपला नंबर न्हाई लागला." मला फार लागलं ते. स्टाफरूममध्ये मी पुढचे पंधरा दिवस युरोपवर तोंडसुख घेतलं. यांना मराठवाडा कुठं आहे ते तरी माहीत आहे का, यांच्या सगळ्या योजना पुण्या-मुंबईच्या चकचकीत संस्थांसाठी, वगैरे. इलियाससमोरही हे सगळं बोललो. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "जाऊ दे. पुढच्या साली बघू."

पुढच्या साली त्यानं मला बोलावलंच नाही. अर्ज भरण्याचे दिवस आले तसा मी वाट बघत होतो, लाल पेनात नवीन रिफिल टाकून. मार्चमध्ये सहज कविताला फोन केला तर ती म्हणाली, "अर्ज तर गेला की सर, फेब्रुवारीतच. इलियाससरांनीच लिहिला, मी टाईप केलं." मला माझ्या घरातून मलाच बाहेर काढल्यासारखं झालं. इतकी वर्षं जो माणूस बँकेचा साधा फॉर्मही मला विचारून भरायचा, त्यानं एवढा मोठा अर्ज मला न दाखवता पाठवला. तोंड फुगवून बसलो, आणि या वयात तोंड फुगवून बसणं फार वाईट, कारण समजूत काढायला कुणी येत नाही.

तरी तो आला होता. एप्रिलमध्ये नातेवाइकाच्या लग्नासाठी तो लातूरला आला आणि सकाळीच कॉलेजच्या गेटवर येऊन उभा राहिला. आम्ही समोरच्या हॉटेलात चहा घेतला. मी तिरकस बोललो, "आता तुझं इंग्रजी सुधारलं म्हणायचं. आमची गरज उरली नाही." तो हसला. "न्हाई सुधारलं, मास्तर. तसंच पाठवून दिलं." त्याला आणखी बसायचं होतं हे मला दिसत होतं. मी तास आहे असं सांगून उठलो. तास नव्हता. जिना चढून स्टाफरूमच्या खिडकीतून पाहिलं तर तो अजून हॉटेलातच होता, माझा अर्धा राहिलेला चहा त्यानं आपल्या कपात ओतून घेतला होता आणि सावकाश पीत होता. ही आमची शेवटची भेट. खिडकीतून हाक मारली असती तरी त्याला ऐकू गेली असती… मी नाही मारली.

त्याच्या मातीनंतर महिनाभर मी कामात डोकं घालून बसलो. जुलैच्या अखेरीला एका रविवारी कविताचा फोन आला. मार्ताचा मेल आला होता. अर्ज मंजूर झाला होता. मार्ताला इलियास गेल्याचं कवितानं आधीच कळवलं होतं, त्यामुळं मेलमध्ये आनंदाच्या आधी चार ओळी दुःखाच्या होत्या. मग कामाची गोष्ट होती. नायगावच्या बाजूनं पत्रव्यवहार कोण करणार, अहवाल कोण लिहिणार, त्या माणसाचं नाव आणि सही दहा दिवसांत हवी. तसं कुणी नसेल तर नायगावला प्रकल्पातून वगळून पुढं जावं लागेल, इलाज नाही, असं तिनं लिहिलं होतं. कविता बी.ए. झालेली आहे, पण मराठी माध्यमातून. तिला टाईप करता येतं, तिकडच्या लोकांशी प्रकल्पाची तीन वर्षं इंग्रजीत बोलणं-लिहिणं तिला झेपणार नव्हतं, हे तिनंच सांगितलं. मी एक मिनिटही विचार केला नाही. म्हणालो, "कविता, मला जमायचं नाही. माझी रिटायरमेंट जवळ आली, लातूर कुठं, नायगाव कुठं. आणि ज्या अर्जाचा एक शब्द मला दाखवला नाही, त्याची जबाबदारी मी कशी घेऊ?" मेलेल्या माणसावरचा राग मी त्या मुलीवर काढत होतो. ती वाद घालेल असं वाटलं होतं. ती फक्त "बरं सर," म्हणाली. मग म्हणाली, "परवा चाळिसावा हाय सरांचा. त्याला तरी या."

मंगळवारी चाळिसाव्याला गेलो. फातिहाची प्रार्थना झाली, जेवणं झाली. नसीमाभाभींनी मला वाढताना एवढंच विचारलं, "तिखट न्हाई ना झालं?" मग कविता मला वर्कशॉपमध्ये घेऊन गेली. नवीन तुकडीच्या नऊ मुली त्या दिवशी सुट्टी असूनही आलेल्या होत्या आणि शांतपणे कॉईल गुंडाळत होत्या. आपलं नायगाव या प्रकल्पात राहणार की नाही, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं असणार, कारण मी आत गेलो तशा सगळ्या एकदम माझ्याकडे बघायला लागल्या आणि मग एकदम खाली बघायला लागल्या. कोपऱ्यात पक्का बांधलेला संडास होता, निळ्या दाराचा. तो कधी बांधला ते इलियासनं मला सांगितलं नव्हतं. कवितानं लोखंडी कपाटातून एक फाईल काढली. "एकदा वाचून तर बघा सर. सही करू नका पायजे तर."

फाईलमध्ये सगळ्यात वर पहिल्या वर्षीचा तपासणीचा अहवाल होता. नामंजूर अर्जाला असा अहवाल जोडून येतो, हे मला माहीत नव्हतं. मला इलियासनं सांगितलं होतं की अर्ज लई आले. तिथं तसं काही लिहिलेलं नव्हतं. तिथं लिहिलं होतं, की मुख्य शाळेचा भाग चांगला आहे, कल्पना चांगली आहे, पण भारतीय भागीदाराचा भाग सर्वसाधारण शब्दांत उरकला आहे. किती मुली सोडून गेल्या आणि का, याचा उल्लेखच नाही. कुठलाही धोका संभवत नाही या विधानावरून या संस्थेला आपल्या कामाची जाणीव आहे असं वाटत नाही. एवढ्यासाठी गुण कापले होते, आणि अर्ज तेवढ्याच गुणांनी खाली राहिला होता. माझं वाक्य त्यांनी जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. मी ते ओळखलं. मला खरोखर कळेना की हा कागद धरू की खाली ठेवू.

"हे त्याला माहीत होतं?" मी विचारलं.

"त्याच दिवशी आलं होतं, सर. मी डिक्शनरी घेऊन सगळं वाचून दाखवलं त्यांना."

"मग मला कामून नाही सांगितलं?"

कवितानं कपाटाचं दार लावलं. "सर म्हणले, मास्तरला कळू द्यायचं न्हाई. त्यानं जीव लावून लिहिलं होतं. कळलं तर तो पुन्हा पेन हातात धरणार न्हाई."

म्हणजे मी स्टाफरूममध्ये युरोपला शिव्या घालत होतो, त्याच्यासमोर बसून घालत होतो, आणि हा माणूस सगळं माहीत असून मान डोलावत होता. एक वर्ष गेलं होतं माझ्या पेनामुळं. पुढच्या साली मला विचारलं असतं तर मी पुन्हा तेच केलं असतं, हे त्यानं ओळखलं होतं. आणि खरं सांगितलं असतं तर मी मोडून पडलो असतो, हेही ओळखलं होतं. दोन्ही टाळायला त्यानं माझा राग पत्करला. मी तिथं स्टुलावर बसून राहिलो.

खाली दुसरा अर्ज होता. इलियासचं इंग्रजी, जसंच्या तसं. अडचणी आणि धोक्यांचा तक्ता दोन पानं भरलेला. संडास, आता बांधला. माझं ओरडणं, आता बायको शिकवते, मी बाहेर बसतो. लग्न, याच्यावर उपाय माहीत नाही, तुम्हाला माहीत असेल तर सांगा. मी वाचत गेलो. शेवटच्या ओळीत डाव्या बाजूला धोका होता. मराठीत सांगायचं तर असा, की तुम्हाला पत्रं लिहिणारा माणूस आमच्याकडे एकच आहे. तो आजारी पडला किंवा मेला तर शिकवणं थांबणार नाही, बायको आणि कविता माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात. पण तुम्हाला कोणी लिहिणार नाही आणि तुम्हाला वाटेल आम्ही बंद पडलो. आणि उजव्या बाजूला, उपायाच्या रकान्यात, माझं नाव होतं. माझा मित्र मिलिंद, लातूरला इंग्रजी शिकवतो. त्याला अजून विचारलेलं नाही. हा अर्ज त्याला न दाखवता पाठवत आहे म्हणून तो रागावणार आहे. विचारल्यावर तो नाही म्हणेल. दोन दिवस थांबावे.

मी ते तीनदा वाचलं. मला जे ठाऊक नव्हतं ते ब्रसेल्समधल्या अनोळखी माणसांना फेब्रुवारीपासून ठाऊक होतं. त्यांनी ते वाचलं होतं, त्याला गुण दिले होते, आणि अर्ज पास केला होता.

"त्याला काही त्रास होत होता का तेव्हा?" मी कविताला विचारलं. "छातीत वगैरे?"

"न्हाई हो, सर. हसत हसत सांगून राहिले होते, मी टाईप करत होते. मीच म्हणलं, मरायचं कामून लिहिता. तर म्हणले, धोक्याचा रकाना हाय, त्यात सगळं लिहायचं असतं."

"म्हणजे तुला हे माहीत होतं. मग रविवारी मी नाही म्हणालो तेव्हा बोलली का नाहीस?"

तिनं मार्ताचा फॉर्म माझ्यापुढं ठेवला. माझं नाव त्यावर आधीच टाईप केलेलं होतं. "काय बोलायचं, सर? दोन दिवस थांबा म्हणून सांगितलंय की त्यांनी."

मुलींचे हात थांबले होते. मी खिशातून पेन काढलं. लालच होतं, दुसरं नव्हतं. त्या कागदावर मी काहीही खोडलं नाही. खाली सही केली.